ग्लायल सेल्स म्हणजे काय? मेंदूतला ‘डिंक’ इतका महत्त्वाचा का आहे?

मेंदू म्हटलं की आपल्याला न्यूरॉन, म्हणजे चेतापेशी आठवतात. पण मेंदूत आणखी एका प्रकारच्या पेशी असतात. त्यांना ग्लायल सेल्स किंवा नुसतं ग्लिया म्हणतात. १८५६ मध्ये जर्मन डॉक्टर रुडॉल्फ फिरखो यांनी हे नाव रूढ केलं. ग्रीक भाषेत ‘ग्लिया’ म्हणजे डिंक. न्यूरॉनना जागेवर धरून ठेवणं एवढंच यांचं काम, असा तेव्हा समज होता. तो चुकीचा निघाला.

ग्लिया नक्की काय करतात?

• अ‍ॅस्ट्रोसाइट: न्यूरॉनला पोषण देतात आणि संदेश पोचल्यावर उरलेली रसायनं उचलतात.
• मायक्रोग्लिया: जंतू आणि मेलेल्या पेशी खाऊन सफाई करतात.
• ऑलिगोडेंड्रोसाइट: न्यूरॉनच्या लांब तंतूवर मायलिन नावाचं चरबीचं आवरण गुंडाळतात, वायरवरच्या प्लास्टिकसारखं.

आधी न्यूरॉन, मग ग्लिया?

जेलीफिश आणि हायड्रा यांच्यात न्यूरॉनचं जाळं असतं, पण ग्लिया सापडलेल्या नाहीत. म्हणजे साध्या प्राण्याचं ग्लियाशिवाय भागतं. जेमतेम १ मिलिमीटर लांबीच्या सी. एलिगन्स या कृमीत ३०२ न्यूरॉन आणि ५६ ग्लिया असतात. प्रयोगात त्याच्या ग्लिया काढल्या तरी बरेच न्यूरॉन जगतात, फक्त नीट काम करत नाहीत. फळमाशी किंवा उंदरात मात्र ग्लिया गेल्या की न्यूरॉनही मरू लागतात. चेतासंस्था गुंतागुंतीची होत गेली, तसं न्यूरॉनचं ग्लियावरचं अवलंबून राहणं वाढलं.

वेगाचं गणित

मायलिन नसलेल्या बारीक तंतूतून संदेश सेकंदाला साधारण १ मीटर जातो. मायलिन असलेल्या जाड तंतूत हाच वेग १०० मीटरच्या आसपास पोचतो. स्क्विडकडे, म्हणजे आपल्या माकुलाकडे, मायलिन नाही. त्यामुळे झटकन पळण्यासाठी त्याचा एक तंतू जवळजवळ १ मिलिमीटर जाड झालाय. आपले सगळे तंतू एवढे जाड असते, तर ते डोक्यात मावलेच नसते! जबडा असलेल्या माशांपासून माणसापर्यंत सगळ्यांना ही मायलिनची सोय मिळाली.

‘दहापट’ हा दावा खरा आहे का?

ग्लिया न्यूरॉनच्या दहापट असतात, असं अजूनही वाचायला मिळतं. पण २००९ मध्ये ब्राझीलच्या सुझाना हर्कुलानो-हौझेल यांच्या टीमने मोजणी केली. माणसाच्या मेंदूत सरासरी ८६ अब्ज न्यूरॉन आणि ८५ अब्ज इतर पेशी निघाल्या. म्हणजे फार तर बरोबरी!

ग्लिया बिघडल्या तर?

मल्टिपल स्क्लेरोसिस या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच मायलिनवर हल्ला करते. संदेश अडखळतात. नजर धूसर होते, हातपाय बधिर होतात, चालताना तोल जातो. म्हणूनच आज या आजारावर औषध शोधणारे शास्त्रज्ञ न्यूरॉनइतकंच लक्ष ग्लियाकडेही देतात.