विटांची वखार, कारवीचा कूड

डहाणूहून सायवनकडे आत जाणाऱ्या जंगलपट्टीत वारल्याचे घर म्हणजे कारवीचा कूड, त्यावर शेणामातीचे लिंपण आणि माथ्यावर गवत. अशा वस्तीत पक्क्या विटांची, कौलारू इमारत जेथे उभी राहिली तेथे ती बहुधा सावकाराचे दुकान किंवा गवताची वखार असे, आणि तिचा इतिहास जाणायचा तर गवंड्याच्या कामाआधी मालकाची खतावणी उघडावी लागते.

रयतवारी पद्धतीने जमीन खातेदाराच्या नावावर चढली, तेव्हाच ती गहाण पडण्याजोगी मिळकत झाली. पुढे १८६४ च्या सुमारास मुंबईहून गुजरातकडे लोहमार्ग गेल्यावर येथील लाकूड आणि गवत मुंबईच्या बाजारात व तबेल्यांत पोहोचू लागले, आणि वखारीला दिवस आले. पुढे ओटा, रात्री लावायच्या फळ्या, आत गादी, गल्ला, काटा. आषाढात घरातले भात संपले की याच ओट्यावर पायलीने खावटी मोजली जाई आणि सुगीला ती दीडपटीने, कधी दुपटीने, परत येई. अक्षर न जाणणाऱ्याचा आंगठा दस्तऐवजावर उमटला की कब्जा हळूहळू सरकत जाई. लग्नासाठी कर्ज काढणारा तरुण तर बायकोसह सावकाराच्या घरी वर्षानुवर्षे राबे. त्याला लग्नगडी म्हणत. सिमिंग्टन यांच्या १९३९ च्या सरकारी अहवालात या दास्याची नोंद आहे, आणि ती वाचताना आजही मन विषण्ण होते.

२३ मे १९४५ रोजी झरी येथे वारल्यांची सभा भरली, गोदावरी परुळेकरांनी वेठीविरुद्ध त्यांना उभे केले, आणि त्या पावसाळ्यानंतर पाचशे पौंड गवताच्या कापणीला अडीच रुपये मिळावेत म्हणून विळे थांबले. वखारीचे सारे वैभव ज्या गवतावर उभे होते, त्याचीच ही मजुरी. १० ऑक्टोबरला तलवाड्यास पोलिसांनी गोळीबार केला. पाच जण ठार झाले, त्यांत जेठ्या गांगड होता.

१९४८ चा कुळकायदा आणि १ एप्रिल १९५७ चा कृषकदिन यांनी कसणाऱ्याचा हक्क मान्य केला, परंतु तो कायदा शेतजमिनीपुरता होता. वखारीच्या विटांवर त्याचा अंमल नव्हता. १९७२ मध्ये आदिवासी विकास महामंडळ स्थापन झाले, तेव्हा भात घेऊन येणाऱ्याला सावकाराच्या काट्याखेरीज दुसरा काटा मिळाला.