कागजीपुरा : हातकागदाचा व्यवसाय

दौलताबाद–खुलताबाद रस्त्यावरील कागद करणाऱ्यांचे जुने गाव (जि. छत्रपती संभाजीनगर, पूर्वीचा औरंगाबाद). महंमद तुघलकाने 1327 मध्ये राजधानी दौलताबादेस आणली, तेव्हा तिच्यामागून आलेल्या कारागिरांनी हे गाव वसवले, अशी परंपरा आहे. कागद करणारे ते कागजी, बहुतेक मुसलमान. ‘दौलताबादी’ कागदाचा उल्लेख पेशवाईतील दप्तरांत जुन्नरी कागदाच्या जोडीने येतो.

दक्षिणेतील कागजींचा कच्चा माल म्हणजे जुनी गोणपाटे, दोर, चिंध्या आणि रद्दी. तो कातरून चुन्याच्या पाण्यात मुरवत, पायाने चालणाऱ्या ढेकीखाली कुटत आणि पुन्हा पुन्हा धूत. हे काम दिवसचे दिवस चाले. कागदाचा उजळपणा त्यावरच ठरे. मग लगदा हौदात कालवून कागजी काठाशी बसे. चौकटीवर काड्यांची बारीक छापरी अंथरून ती लगद्यात बुडवायची, सपाट वर उचलायची आणि हलकेच हलवायची. पाणी निथळता निथळता तंतू एकमेकांत गुंतत. जाडी मोजायला साधन नव्हते, सगळी भिस्त मनगटावर. ओल्या कागदांची थप्पी दाबून पाणी काढले, की एकेक ताव गुळगुळीत भिंतीवर डकवून वाळवत. शेवटी खळ लावून गुळगुळीत दगडाने घोटत. घोटीव कागदावर बोरू अडखळत नसे आणि शाई फुटत नसे.

खुलताबाद निजामाच्या राज्यात होते, इंग्रजांचा थेट अंमल येथे नव्हता. पण बाजाराला सरहद्द नसते. सर चार्ल्स वुड भारतमंत्री असताना (1859–66) हिंदुस्थान सरकारला लागणारा कागद विलायतेतूनच घेण्याचा हुकूम निघाला. ब्रिटिश मुलखातल्या तुरुंगांत कैद्यांकडून कागद करून घेतला जाऊ लागला. पुढे बंगालमधले टिटागढ, पुण्याजवळचे मुंढवे येथे गिरण्या निघाल्या. 1900च्या सुमारास मनमाडहून औरंगाबादेस रेल्वे आली आणि गिरणीचा माल दौलताबादच्या घाटाच्या पायथ्याशी उतरू लागला. छापखान्यांना हवा होता एकसारख्या मापाचा, स्वस्त कागद. कचेऱ्या हे कागजींचे मोठे गिऱ्हाईक. ते तुटल्यावर सावकाराच्या वह्या आणि पोथ्या यांवर किती घरे चालणार?

माल हलका म्हणून धंदा बसला, हे मत टिकत नाही. अठराव्या शतकातले हातकागदावरचे लेखन आजही दप्तरखान्यांत स्वच्छ वाचता येते. लाकडाच्या लगद्याचा स्वस्त गिरणी कागद मात्र पिवळा पडून घडीवर तुटतो. कागजींचा पराभव दरात झाला, गुणात नव्हे.

1934 मध्ये गांधीजींच्या पुढाकाराने वर्ध्यास अखिल भारत ग्रामोद्योग संघ स्थापन झाला आणि हातकागदाकडे पुन्हा लक्ष गेले. 1940 मध्ये पुण्यात हातकागद संस्था निघाली. कागजीपुऱ्यात हातकागद अजूनही होतो.