सुकडी सापडली नाही, कारण फॉन्ट वेगळा होता

पेट किंवा सेट-नेटची तयारी करणारे बरेच जण विचारतात, "ताई, संशोधनाला कॉम्प्युटर किती यावा लागतो?" आज त्याबद्दल लिहितेय. पण उत्तर सरळ नाही, माझ्या एका चुकीतून जाणारं आहे.

मी मूळची रेणापूरची. २००८ मध्ये दहावीची परीक्षा झाली आणि सुट्टीत घरच्यांनी एमएस-सीआयटीला घातलं. राज्य शासनाच्या उच्च व तंत्रशिक्षण विभागाच्या पुढाकाराने २००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन, म्हणजे एमकेसीएल, स्थापन झालं आणि त्यांचा हा कोर्स तालुक्या-तालुक्यात पोहोचला. सरकारी नोकरीच्या जाहिरातीत 'एमएस-सीआयटी उत्तीर्ण' ही अट असायची, म्हणून अण्णांचं म्हणणं एकच, "सर्टिफिकेट असू दे बाई, कुठं वाया जातंय." भारनियमनात लाईट गेली की आम्ही बाहेर पायरीवर बसून वहीत कॉम्प्युटरची बटणं पाठ करायचो. वर्ड, एक्सेल, ई-मेल सगळं शिकले. माऊस धरायची भीती गेली, हे त्या कोर्सचं मोठं ऋण आहे. पण मराठी टाईप करायचं शिकले नाही. ते काम डीटीपीवाल्याचं, असं आम्ही धरूनच चाललो होतो.

पीएचडीसाठी विषय घेतला १९७२ चा दुष्काळ आणि रेणापूर परिसरातल्या मजुरांच्या आठवणी. एकतीस मुलाखती घेतल्या. पहिल्या चौदा मुलाखती एका डीटीपी सेंटरमधून टाईप करून घेतल्या. पैसे पुरेनात, म्हणून उरलेल्या सतरा मी स्वतः मोबाईलवर आणि नंतर लॅपटॉपवर टाईप केल्या.

दुष्काळी कामावर मिळणारी सुकडी हा माझ्या एका प्रकरणाचा कणा. सगळ्या फाईलींमध्ये 'सुकडी' शब्द शोधला. नंतरच्या सतरांपैकी बहुतेक मुलाखतींत सापडला, पहिल्या चौदांत एकदाही नाही. पहिल्या मुलाखती रेणा नदीकाठच्या गावांतल्या होत्या. मी लगेच मांडणी केली: नदीकाठी थोडंफार पाणी होतं, लोकांची कामावरची भिस्त कमी, म्हणून सुकडीची आठवणही नाही. दोन पानं लिहूनही टाकली. वाचायला इतकी छान वाटत होती!

मार्गदर्शकांनी वाचून एवढंच विचारलं, "मूळ वह्या पाहिल्यास का?"

वह्या काढल्या. पहिल्याच वहीत एका आजीचं बोलणं होतं, सुकडी पदरात बांधून लेकरांसाठी घरी कशी आणायची त्याचं. चौदांपैकी अकरा वह्यांत सुकडी होती. ती आजी आता नाही. मी तिला माझ्या प्रबंधात गप्प करणार होते.

झालं काय होतं? डीटीपीवाल्याने मजकूर कृतिदेव फॉन्टमध्ये टाईप केला होता. असे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांना चढवलेला देवनागरी वेश. पडद्यावर 'सुकडी' दिसते, पण फाईलमध्ये साठवलेली असते एल-क्यू-डी-एम-एच ही इंग्रजी अक्षरं. मग माझा मराठी शोध तिथे पोहोचणार कसा?

आता यामागचा इतिहास बघा. कोणत्या बटणावर कोणतं अक्षर, हा कृतिदेवचा नकाशा रेमिंग्टन पद्धतीच्या टाईपरायटरवरून आलेला. टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये मराठी ३०, ४० च्या परीक्षा दिलेली बोटं कॉम्प्युटरवर आली, तेव्हा त्यांना तीच बटणं हवी होती. त्या काळाची ती सोय होती, त्यात कुणाचा दोष नाही. टाईपरायटरचं काम कागदावर संपायचं आणि छापून घेण्यापुरता फॉन्टही चालायचा. अडचण शोधायला लागल्यावर सुरू झाली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, 'स'चा २३६०, फॉन्ट कोणताही असो. देवनागरी युनिकोडमध्ये १९९१ पासून आहे. म्हणजे मी क्लासला बसले तेव्हा ही व्यवस्था सतरा वर्षं जुनी होती, आणि मला तिचं नावही माहीत नव्हतं.

हे फक्त माझ्या लॅपटॉपपुरतं नाही. यूजीसीच्या २००९ च्या नियमांनंतर प्रबंधाची डिजिटल प्रत देणं बंधनकारक झालं आणि ते प्रबंध शोधगंगावर ठेवले जातात. त्यातले कितीतरी मराठी प्रबंध स्कॅन केलेले किंवा जुन्या फॉन्टमधले आहेत. आतला मराठी शब्द शोधलात तर तिथेही शून्य येऊ शकतं. आणि आपण बिनधास्त लिहितो, 'या विषयावर यापूर्वी काम झालेलं नाही.'

म्हणून तुमच्यासाठी तीन गोष्टी. पहिल्या दिवसापासून युनिकोडमध्येच टाईप करा, इनस्क्रिप्ट पंधरा-वीस दिवसांत हाताला बसतो. जुनी फाईल कन्व्हर्टरमधून काढली तर मूळ प्रतीशी ताडून बघा, रफार आणि ऱ्हस्व वेलांटी हमखास घसरते. आणि मुलाखतीच्या वह्या टाकू नका.

इतिहासात आपण शिकतो की दप्तरात नोंद नाही म्हणजे घटना घडली नाही, असं होत नाही. कॉम्प्युटरचा शोधही तसाच वाचायचा. शून्य आलं, तर आधी विचारायचं की मी नक्की कुठे शोधलं.

ती दोन पानं मी खोडली. आता ते प्रकरण आजीच्या पदरापासून सुरू होतं.