स्तनपानोत्तर अर्भकाची अस्वस्थता : प्राचीन वैद्यकग्रंथांतील एका प्रश्नाचा विचार

तान्हें मूल पोटभर पिऊन झाल्यावर स्वस्थ निजण्याऐवजीं रडूं लागलें तर दोष कोणाचा, हा प्रश्न राजकीय इतिहासाच्या साधनांत सांपडत नाहीं. सनदा, महजर व शकावल्या यांचा व्यासंग करणाऱ्या वाचकांस तो क्षुल्लकहि वाटेल. परंतु ज्या घरांत तो उत्पन्न होतो त्या घरांत त्या वेळीं त्याहून मोठा प्रश्न दुसरा नसतो. आणि त्याचें उत्तर शोधण्याचा प्रयत्न आपल्याकडे प्राचीन काळापासून ग्रंथनिविष्ट झालेला आहे. म्हणून त्याचा विचार येथें अस्थानीं होणार नाहीं अशी आमची समजूत आहे.

या विषयाकडे आम्ही वळलों त्याचें निमित्त घरगुती आहे. आमच्या कन्येचें पहिलें बाळंतपण आमच्या घरीं झालें. मूल दीड महिन्याचें झालें तेव्हां एक गोष्ट रोज घडूं लागली. तें हपापून अंगावर पीत असे. पितांनाच त्यास ठसका लागे. आणि पिऊन झाल्यावर पाठीची कमान करून तें तास तास रडे. मधून मधून दुधाची गुळणीहि टाकी. घरांत जमलेल्या वडीलधाऱ्या बायकांनीं एकमतानें निकाल दिला कीं, आईचें दूधच बाळास बाधतें. मग आईचें ताट तपासण्यांत आलें. डाळ गेली, भाजी गेली, फळें गेलीं. अखेर तूप-मऊभात तेवढा उरला. दृष्ट काढून झाली, पोटावर हिंगाचा लेप झाला. मुलगी मुकाट्यानें सर्व सोशीत होती. एका रात्रीं ती आम्हांस म्हणाली, "अण्णा, माझं दूधच वाईट असेल तर उद्यापासून बाळाला वरचं दूध देते. मला आता ऐकवत नाही."

आम्ही वैद्य नव्हों. परंतु पस्तीस वर्षें संस्कृत शिकवून जे ग्रंथ घरांत जमले होते, त्यांत या आरोपास आधार आहे कीं काय, हें पाहणें आमच्या हातीं होतें.

आरोपास आधार आहे, हें प्रथम कबूल केलें पाहिजे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानांतील ३०व्या अध्यायांत दुधाचे आठ दोष सांगितले आहेत : वैरस्य, फेससंघात व रौक्ष्य हे वाताचे, वैवर्ण्य व दौर्गंध्य हे पित्ताचे, आणि अतिस्निग्धता, पिच्छिलता व गौरव हे कफाचे. प्रत्येक दोषानें मुलास काय होतें, तेंहि तेथें दिलें आहे. फेसाळ दुधानें आवाज क्षीण होतो व मलमूत्रवायूंचा अवरोध होतो. अतिस्निग्ध दुधानें मूल ओकतें, कुंथतें व त्यास लाळ सुटते. घरांतील बायका चरक वाचलेल्या नव्हत्या. पण त्या जें बोलत होत्या त्याची परंपरा अशी जुनी आहे.

मात्र ग्रंथकार व घरचीं माणसें यांत एक मोठा भेद आहे. सुश्रुतानें दुधावर दोष ठेवण्यापूर्वीं त्याची परीक्षा सांगितली आहे. दूध पाण्यांत टाकावें. तें थंड, निर्मळ, पातळ व शंखासारखें पांढरें असून पाण्याशीं एकजीव होत असेल, त्यास फेस अथवा तंतू नसतील, तें तरंगत नसेल व तळाशींहि बसत नसेल, तर तें शुद्ध समजावें. आजच्या शास्त्राच्या दृष्टीनें ही परीक्षा फारशी उपयोगी नाहीं; पण आरोप झाला म्हणजे तो सिद्ध झाला असें ग्रंथकार मानीत नव्हता, हें तिच्यावरून दिसतें. आणखी असें कीं, त्याच शारीरस्थानाच्या १०व्या अध्यायांत दूध नाहींसें होण्याचीं कारणें सांगतांना क्रोध, शोक व वात्सल्याचा अभाव हीं नांवें घेतलीं आहेत. आणि दूध वाढविण्याचे उपाय सांगतांना गहूं, साळी इत्यादि अन्नाच्या आधीं आईचें मन प्रसन्न करावें असें म्हटलें आहे. आमच्या घरांत याच्या नेमकें उलट चाललें होतें. दुधाच्या काळजीनें आईस उपाशी ठेवून वर शोकहि दिला जात होता. आणि हें सर्व शास्त्राच्या नांवानें चाललें होतें.

दुसरें उत्तर बालग्रहांचें. सुश्रुताच्या उत्तरतंत्राच्या २७व्या अध्यायांत स्कंद, शकुनि, रेवती, पूतना आदि नऊ ग्रह वर्णिले आहेत. त्यांतील नैगमेषानें धरलेलें मूल फेस ओकतें, शरीर मध्यें वांकवितें व वर पाहत उद्वेगानें विलाप करितें. आतां वाग्भटाच्या अष्टांगहृदयांतील उत्तरस्थानाचा दुसरा अध्याय पाहावा. कोष्ठांत पीडा असलेल्या मुलाचीं लक्षणें तेथें अशीं आहेत : मळाचा अवरोध, वांती, स्तनास चावणें, आंतड्यांत गुरगुर, पोट फुगणें, पाठ वांकविणें व पोट उचलणें. वांती आणि शरीर वांकविणें हीं दोन चिन्हें दोन्हींकडे आहेत. एकीकडे त्यांचें कारण ग्रह, तर दुसरीकडे कोष्ठ. नैगमेषाच्या वर्णनांत ज्वर व संज्ञानाशहि असल्यामुळें दोन्ही विकार एकच होत असें म्हणतां येणार नाहीं. परंतु ज्या चिन्हावरून एका घरांत ग्रहशांति होई, त्याच चिन्हावरून दुसऱ्या घरांत पोटाकडे लक्ष जाई, एवढें निश्चित.

तिसरा मार्ग हाच प्रस्तुत लेखाचा मुख्य विषय होय. तो काश्यपसंहितेंत सर्वांत स्पष्ट दिसतो. कौमारभृत्याचा हा ग्रंथ नेपाळांतील एका खंडित हस्तलिखितावरून १९३८ सालीं मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यांत छापला गेला. राजगुरु हेमराज शर्मा यांनीं त्यास विस्तृत संस्कृत उपोद्घात जोडला आहे. यांतील सूत्रस्थानांत वेदनाध्याय नांवाचा अध्याय आहे. दारुवाहाच्या प्रेरणेनें वृद्धजीवक कश्यपास विचारतो कीं, ज्यांस वाचा नाहीं अशा बालकांच्या वेदना वैद्यानें कशा ओळखाव्या? प्रश्नांतील 'अवचस्' हें विशेषण आम्हांस फार मोलाचें वाटतें. मूल बोलत नाहीं; म्हणून त्याच्या वतीनें सासू, शेजारीण, मांत्रिक असे सर्वजण बोलतात. कश्यपाचें उत्तर असें कीं, मुलाकडेच पाहा.

शूल असलेलें मूल स्तन सोडून देतें, रडतें, उताणें असतां वांकतें, त्याचें पोट ताठरतें व तोंडास घाम येतो. वांती व्हावयाची असेल तर कारणावांचून वारंवार ढेकर येतात व मूल पेंगतें. परंतु प्यालेलें दूध बाहेर टाकणें एवढ्या एकाच चिन्हावर कश्यप निर्णय देत नाहीं; कारण कंठवेदनेंतहि मूल दूध टाकतें व मुखरोगांतहि टाकतें. पहिलींत थोडा ज्वर व ग्लानि असते; दुसऱ्यांत लाळ फार गळते, मूल स्तनाचा द्वेष करितें व नाकानें श्वास घेतें. म्हणजे एक चिन्ह, अनेक कारणें. सोबतच्या चिन्हांवरून निवड करावयाची. न्यायशास्त्राच्या भाषेंत सांगावयाचें तर केवळ वांती हा हेतु व्यभिचारी आहे. त्यावरून दुष्ट दुधाचें अनुमान करणें हा हेत्वाभास होय.

मूल पाहावें तसेंच पाजण्याची क्रियाहि पाहावी, हें सुश्रुताच्या एका स्थळावरून कळतें. त्या स्थळाकडे लक्ष जात नाहीं, कारण तें एका विधीच्या वर्णनांत आलें आहे. प्रथम स्तनपानाच्या वेळीं शुभ तिथि पाहावी, दाईस पूर्वाभिमुख बसवावें, उजवा स्तन धुवावा, त्यांतील थोडें दूध काढून टाकावें, मग मंत्र म्हणून पाजावें, असा तो विधि आहे. थोडें दूध काढणें हेंहि वाचतांना तिथि-मंत्रांसारखेंच एक कर्मांग वाटतें. परंतु पुढें कारण दिलें आहे : दूध न काढतां ताठ भरलेल्या स्तनानें पाजल्यास मुलाच्या स्रोतसांत दूध एकदम भरतें व कास, श्वास आणि वांती उद्भवतात. येथें दूध दुष्ट नाहीं, ग्रह नाहीं, आईनें कांहीं निषिद्ध खाल्लेलें नाहीं. दूध चांगलें आहे, पुष्कळ आहे. तें फक्त मुलाच्या गिळण्याच्या वेगाहून अधिक वेगानें येत आहे. आमच्या मतें दूध, आई व मूल या तिघांसहि निर्दोष ठेवून अस्वस्थतेचें कारण सांगणारें असें स्थळ विरळा.

हें वाचतांना आम्हांस नातवाचा ठसका आठवला. दुसऱ्या दिवशीं मुलीस व बाळास घेऊन आम्ही बालरोगतज्ज्ञांकडे गेलों. त्यांनीं वजन घेतलें. तें चांगलें वाढत होतें. लघवी किती वेळां होते, ज्वर आहे काय, शौचांत रक्त पडतें काय, हें विचारलें. आणि मग आपल्यासमोर बाळास पाजावयास सांगितलें. पान्हा सुटतांच बाळ गटागट गिळूं लागलें, त्यास ठसका लागला व पुष्कळ हवा पोटांत गेली. पाजण्यापूर्वीं थोडें दूध हातानें काढावें (फार काढूं नये, अन्यथा दूध आणखी वाढतें), आईनें मागें रेलून पाजावें, मध्यें थांबून ढेकर काढावी, आणि आईनें सर्व अन्न खावें, एवढाच उपाय त्यांनीं सांगितला. ठसका त्याच दिवशीं कमी झाला. रडणें मात्र हळूहळू, तीन महिने होईपर्यंत ओसरत गेलें.

यावरून प्राचीनांस सर्व ठाऊक होतें असा निष्कर्ष कोणी काढूं नये. अन्ननलिका व जठर यांच्या सांध्यावरील स्नायूचें वलय तान्हेपणीं पुरतें दृढ झालेलें नसतें, म्हणून दूध वर येतें; बहुतेक मुलांत हें वर्ष-दीड वर्षांत आपोआप थांबतें. हें ज्ञान आधुनिक आहे. जठराचा खालचा दरवाजा जाड झाल्यामुळें पहिल्या कांहीं आठवड्यांत मूल प्रत्येक वेळीं जोरानें दूध लांब उडवितें, या विकाराचें वर्णन डेन्मार्कच्या हिर्शस्प्रुंग यांनीं १८८८ सालीं केलें व १९१२ पासून रामस्टेट यांच्या शस्त्रक्रियेनें तो बरा होऊं लागला. त्यावर गुटी किंवा स्तन्यशोधन यांचा उपयोग नाहीं. उलट, आईच्या आहाराचा संबंध कधींच नसतो असेंहि नाहीं. कांहीं मुलांस गाईच्या दुधांतील प्रथिन आईच्या दुधावाटे पोंचून बाधतें, हें आजचे वैद्यहि मानतात. तेव्हां घरच्या बायकांचा तर्क अशक्य नव्हता; तो तपासला गेला नव्हता, एवढाच त्याचा दोष.

युरोपांतहि हा प्रश्न असाच फिरत गेला. १६८९ सालीं वॉल्टर हॅरिस यानें मुलांच्या रोगांचें मूळ आम्लतेंत शोधिलें. १७४८ सालीं विल्यम कॅडोगन यानें मुलांस अति पाजतात व अति गुंडाळतात असें बजावलें. १८५१ सालीं इंग्लंडांत विल्यम वुडवर्ड यानें जें ग्राइप वॉटर काढलें, त्यांत बाळंतशेपांचें तेल, सोडा, साखर व मद्यार्क होता. मद्यार्क पुढें वगळण्यांत आला. आमच्याकडे बाळंतिणीस ज्या बाळंतशेपा खावयास देतात त्यांचेंच हें तेल. १९५४ सालीं अमेरिकेंत वेसेल यांनीं दिवसास ३ तासांहून अधिक, आठवड्यांतून ३ दिवसांहून अधिक व ३ आठवड्यांहून अधिक काळ चालणाऱ्या रडण्यास निराळी संज्ञा लाविली. नीट वाढणाऱ्या निरोगी मुलांचेंहि रडणें सुमारें सहाव्या आठवड्यास शिगेस पोंचतें व तीन-चार महिन्यांत ओसरतें, हें आतां सर्वमान्य आहे.

या शेवटच्या गोष्टींत पूर्वीच्या पुष्कळ उपायांच्या दीर्घायुष्याचें रहस्य आहे. मुरुडशेंग व वेखंड उगाळून दिलेली गुटी, धुरी, दृष्ट, ग्रहशांति, ग्राइप वॉटर, आईचें पथ्य. यांपैकीं जें त्या सुमारास चालू असे त्यास गुण आल्याचें श्रेय मिळे. हा काकतालीय न्याय होय. तोच आमच्या उपायासहि लाविला पाहिजे. ठसका थांबण्याचें श्रेय आम्ही त्या उपायास देतों. रडणें थांबण्याचें श्रेय बहुधा काळाचें आहे.

इतिहासाच्या अभ्यासकास यांतून घेण्याजोगी गोष्ट ही कीं, एकाच परंपरेंत दोन वृत्ति शेजारीं शेजारीं नांदत होत्या : एक दोषी शोधणारी व दुसरी लक्षणें पाहणारी. पहिली घराघरांत टिकली, कारण ती सोपी होती. दुसरी पोथींत राहिली, आणि काश्यपसंहितेच्या बाबतींत ती पोथीहि बराच काळ दृष्टीआड होती. परंपरेचा अभिमान धरावयाचा तर तो दुसऱ्या वृत्तीचा धरावा.

मुलीनें दूध तोडलें नाहीं. तिच्या ताटांत डाळ-भाजी परत आली त्या दिवशीं, पूर्वीं जिनें सर्वांत मोठ्यानें निकाल दिला होता त्या आमच्या वडील भगिनीनें स्वतः तिला वाढलें. भगिनी कांहीं बोलली नाहीं. आम्हींहि सुश्रुताचें स्थळ तिला वाचून दाखविलें नाहीं. असो.