साखळीचे पहिले टोक

जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अमेरिकेतल्या काळ्या माणसांना दास्यातून सोडवणाऱ्या तिथल्या भल्या लोकांना अर्पण केली. तेव्हापासून आपल्या मनातला गुलाम म्हणजे अमेरिकेच्या मळ्यात राबणारा माणूस. मळ्यात येण्याआधी तो कोणत्या गावचा होता, त्या गावात सकाळी काय शिजत होते, कातडी कोण कमावत होते, हे आपण फारसे विचारले नाही. मीही विचारले नव्हते. मंगो पार्कचे १७९९ साली लंडनला निघालेले प्रवासवर्णन मी हाती घेतले ते नायजर नदीसाठी. पण नदीपेक्षा गावातच अडकलो.

पार्क स्कॉटलंडचा, पेशाने शल्यवैद्य. नायजर कोणत्या दिशेला वाहते ते पाहून ये, म्हणून लंडनच्या आफ्रिकन असोसिएशनने त्याला धाडला. डिसेंबर १७९५ मध्ये तो गँबिया नदीकडून आत शिरला, वाटेत मूरांच्या कैदेत पडला, लुबाडला गेला, आणि जुलै १७९६ मध्ये सेगू शहरासमोर उभा राहिला. राजाने नदी ओलांडू दिली नाही. जवळच्या गावात कोणी थारा देईना. दिवसभर तो उपाशीपोटी झाडाखाली बसून होता. तिन्हीसांजेला शेतावरून परतणाऱ्या एका बाईने त्याचे खोगीर-लगाम उचलले, घरी नेले, दिवा लावला, चटई अंथरली, निखाऱ्यावर भाजलेला मासा दिला. मग घरातल्या बाया रात्री उशिरापर्यंत कापूस कातत बसल्या आणि कातता कातता आईबायकोपासून दूर पडलेल्या या गोऱ्यावर त्यांनी तिथल्या तिथे गाणे रचले. सकाळी त्याने बंडीच्या उरलेल्या चार पितळी गुंड्यांपैकी दोन तिला दिल्या. जात्यावर ओव्या गाणाऱ्या आयांच्या लेकरांना यात नवल वाटू नये. इंग्लंडला वाटले, तिथल्या एका डचेसने त्या गाण्याचे इंग्रजी पद्य केले, त्याला चाल लागली. गाणाऱ्या बाईचे नाव पुस्तकात नाही.

पण पार्कला गाव खरे दिसले ते कमालियात. सप्टेंबर १७९६ मध्ये तो आजारी, चिंध्या पांघरलेला, तिथे पोचला आणि एप्रिलपर्यंत राहिला. डोंगराच्या पायथ्याचे हे लहानसे गाव. लोक मातीतून सोन्याचे कण धुऊन काढीत. मुसलमान व्यापारी गावापासून थोडे अंतर राखून झोपड्या बांधून होते. (वेगळी वस्ती दिसली की आपले मन लगेच एका अर्थाकडे धावते. इथे वेगळे राहणारे जोरकस होते, एवढे ध्यानात ठेवावे.)

दिवस उजाडता पेज, त्यात चिंचेचा आंबटपणा. दुपारी शी नावाच्या झाडाच्या बियांचे लोणी घालून घाटा. मुख्य जेवण रात्री फार उशिरा, आणि जेवायचे ते उजव्या हातानेच. मीठ इतके दुर्मीळ की पोरे मिठाचा खडा खडीसाखरेसारखी चोखत. अमका जेवणात मीठ खातो म्हणजे तो श्रीमंत. बायांनी सूत कातायचे, पुरुषांनी चार बोटांच्या आसपास रुंदीच्या पट्ट्या विणायच्या, पुन्हा बायांनीच निळीच्या पाल्यात त्या रंगवायच्या.

आणि कातडी. माझ्या आजोळी कातडी कमावत. चुन्याचे हौद, बाभळीची साल, हिरड्याचा वास अजून नाकात आहे. म्हणून ही पाने मी दोनदा वाचली. तिथले चर्मकार राखेच्या पाण्यात कातडे भिजवून केस काढीत आणि एका झाडाच्या पाल्याच्या कुटाने ते पक्के करीत. बैलाच्या कातड्याच्या वहाणा, शेळीमेंढीच्या कातड्याचे बाणांचे भाते, तलवारींची म्याने, गळ्यातल्या ताइतांची आवरणे. कातड्याचे आणि लोखंडाचे, एवढीच दोन कामे त्या गावांत खरा धंदा म्हणून मोजली जात. पार्क धंदा सांगतो, सोयरीक सांगत नाही. मांडे समाजातले लोहार, चर्मकार आणि गाणारे भाट आपापल्यांतच लग्ने करत, हे पुढच्या अभ्यासकांनी नोंदवले. पण तिथल्या लोहाराला लोक भीत, सुंता त्याच्याच हातची. आपल्याकडची अस्पृश्यता जशीच्या तशी तिथे चिकटवू नये.

मात्र ते धान्य कोण कांडत होते? गुलाम आणि स्वतंत्र माणसे यांचे प्रमाण तिनास एक असावे, असा पार्कचा अंदाज आहे. घरच्या जन्मल्या गुलामाला पंचांपुढे आणल्याशिवाय विकता येत नसे. विकत आणलेल्याला तेवढाही आधार नव्हता. पार्कला झोपडी, दोन वेळचे जेवण देऊन जगवणारा कार्फा तौरा मायाळू माणूस होता, आणि गुलामांचा व्यापारी होता. पार्कला सरपण-पाणी आणून देत ते त्याचे गुलामच. या उपकाराची किंमत ठरली तीही एका चांगल्या गुलामाइतकी. शाळामास्तरकडे सतरा पोरे होती. तीही शिकेपर्यंत मास्तरचे गडी. दिवसा लाकडे आणायची, पेरायचे. अक्षरे पहाटे आणि रात्री, शेकोटीच्या उजेडात.

जानेवारी १७९७ मध्ये कार्फा १३ गुलाम घेऊन परतला. ११ जणांनी पार्कला सांगितले की आम्ही बाळपणापासून गुलाम. दोघे आपल्याविषयी काही बोललेच नाहीत. गोरे आपल्याला खायला नेतात, अशी त्यांची समजूत होती. तिकडे शेती करावी लागते, असे पार्क म्हणाला, पटले नाही. एकाने जमिनीवर हात ठेवून विचारले, तुमच्याकडे पाय टेकायला अशी भुई खरेच आहे का?

एवढे ऐकूनही पार्कने लिहिले की हा व्यापार थांबवून भल्या लोकांना वाटते तेवढे भले होणार नाही. पुस्तक घडवायला हात लावणारा असोसिएशनचा चिटणीस ब्रायन एडवर्ड्स जमैकातला मळेवाला होता, हे इथे विसरू नये.

एप्रिलमध्ये तांडा गँबियाकडे निघाला. नीली नावाची एक गुलाम बाई अन्न घेईना. वाटेत मधमाश्यांनी तिला फोडले. आधी चाबूक, मग गाढवाची पाठ. अखेर तिला वाटेवरच टाकून तांडा पुढे गेला.

पार्क ज्या जहाजात चढला ते अमेरिकेचे होते, दक्षिण कॅरोलिनाला जाणारे. त्यावर १३० गुलाम होते. त्यांतल्या पंचवीसेकांना थोडीफार अरबी लिहिता येत होती. जहाजावरचा वैद्य मेला होता, म्हणून ते काम पार्कने पत्करले. समुद्रात ११ जण मेले. जहाज गळू लागले तेव्हा ते अँटिग्वा बेटाकडे वळवले. पार्क तिथे उतरला आणि डिसेंबर १७९७ मध्ये इंग्लंडला पोचला.