अमेरिकेतील मिडल स्कूलचा गणित अभ्यासक्रम

अमेरिकेतील मिडल स्कूलचा गणित अभ्यासक्रम म्हणजे अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इयत्ता सहावी ते आठवीच्या, साधारणतः ११ ते १४ वर्षे वयाच्या विद्यार्थ्यांना शिकविल्या जाणाऱ्या गणित पाठ्यक्रमांची मालिका होय. अंकगणिताकडून बीजगणिताकडे होणारे संक्रमण हा या मालिकेचा गाभा आहे. एकाच इयत्तेतील सर्व विद्यार्थी येथे एकच गणित शिकतात असे नाही. आठवीच्या एका वर्गात इयत्तेचे नेहमीचे गणित, दुसऱ्यात बीजगणित १ आणि क्वचित तिसऱ्यात भूमिती चालू असते. विद्यार्थ्याला कोणत्या पाठ्यक्रमात बसवावे आणि पुढच्या पाठ्यक्रमात केव्हा न्यावे, हा अमेरिकेच्या शालेय शिक्षणातील सर्वांत दीर्घकाळ चाललेल्या वादांपैकी एक आहे.

पाठ्यक्रमांचा क्रम

अमेरिकेत संपूर्ण देशासाठी एकच अनिवार्य अभ्यासक्रम नाही. राज्ये मानके ठरवितात आणि स्थानिक शाळा-जिल्हे पाठ्यपुस्तके व वर्गरचना ठरवितात. तथापि २०१० साली प्रसिद्ध झालेली 'कॉमन कोअर' मानके बहुसंख्य राज्यांनी स्वीकारली, आणि ज्यांनी पुढे ती नावापुरती सोडली त्यांच्या मानकांवरही तिचा ठसा राहिला. या मानकांनुसार सहावीत गुणोत्तर व दर, अपूर्णांकांचा भागाकार, ऋण संख्या आणि अक्षरांनी लिहिलेल्या राशींची ओळख होते. सातवीत समप्रमाण, परिमेय संख्यांवरील चारही क्रिया, प्रमाणबद्ध आकृत्या, वर्तुळाचे क्षेत्रफळ आणि संभाव्यता येते. आठवीत रेषीय समीकरणे, रेषेचा चढ, दोन चलांतील एकसामयिक समीकरणे, फलाची संकल्पना, अपरिमेय संख्या व पायथागोरसचे प्रमेय शिकविले जाते.

यापुढे हायस्कूलमध्ये बीजगणित १, भूमिती, बीजगणित २, कलनपूर्व गणित आणि कलन अशी शिडी असते. प्रत्येक पायरीला एक वर्ष लागते. वादाचे मूळ याच साध्या हिशेबात आहे. नववीत बीजगणित १ घेणारा विद्यार्थी बारावीत कलनपूर्व गणितापर्यंत पोहोचतो, तर आठवीतच बीजगणित १ पूर्ण करणारा बारावीत कलन घेऊ शकतो. अभियांत्रिकी व विज्ञान शाखांकडे जाऊ इच्छिणाऱ्यांच्या अर्जात कलनाला मोठे वजन असल्याने बारा-तेरा वर्षांच्या मुलाबाबत घेतलेला निर्णय पाच वर्षांनंतरच्या प्रवेशाशी जोडला जातो. अनेक जिल्ह्यांत वेगवान वाट प्रत्यक्षात सहावीपासूनच फुटते, त्यामुळे तिचा निर्णय पाचवीच्या गुणांवर होतो. पालकांना मात्र त्याचे परिणाम बहुधा फार उशिरा उमगतात.

वेगवान वाटेचे प्रकार

जुन्या पद्धतीत सातवी किंवा आठवीला 'प्री-अल्जेब्रा' नावाचा पाठ्यक्रम असे. त्यात बराचसा भाग अंकगणिताच्या उजळणीचा असल्याने हुशार विद्यार्थ्याने तो गाळून थेट बीजगणित घेतले तरी फारसे बिघडत नसे. कॉमन कोअरनंतर ही स्थिती बदलली. पूर्वी बीजगणित १ मध्ये शिकविले जाणारे रेषीय समीकरणांचे बरेच काम आठवीत आले आणि बीजगणित १ त्या प्रमाणात अवघड झाले. त्यामुळे आठवीचे गणित गाळणे म्हणजे आता रेषेचा चढ, फल व एकसामयिक समीकरणे यांचा पायाच गाळणे ठरते. म्हणूनच मानकांच्या परिशिष्टात इयत्ता गाळण्याऐवजी घटक दाटीने बसविण्याचा मार्ग सुचविला आहे. त्यानुसार सातवी, आठवी व बीजगणित १ हा तीन वर्षांचा मजकूर दोन वर्षांत शिकविला जातो.

काही जिल्हे उन्हाळी सुट्टीत एखादा पाठ्यक्रम पूर्ण करण्याची मुभा देतात, काही हायस्कूलमध्ये दोन विषय एकाच वर्षी घेऊ देतात. या दुसऱ्या उपायात वेग वाढविण्याचा निर्णय तीन-चार वर्षे पुढे ढकलला जातो, हा त्याचा खरा लाभ आहे. परंतु हायस्कूलच्या भरगच्च वेळापत्रकात त्याला जागा सापडणे कठीण असते.

निवडीचे निकष

प्रगत पाठ्यक्रमासाठी शिक्षकांची शिफारस, आधीच्या वर्षाचे गुण, राज्याची वार्षिक परीक्षा आणि आयोवा बीजगणित अभियोग्यता चाचणीसारख्या स्वतंत्र चाचण्या वापरल्या जातात. पालकांच्या आग्रहालाही बऱ्याच ठिकाणी वाव असतो. शिफारशीवर आधारलेल्या निवडीत समान गुण असूनही कृष्णवर्णीय, लॅटिनो व गरीब घरांतील मुले मागे राहतात, असा आक्षेप अनेक दशकांपासून घेतला गेला आहे. जीनी ओक्स यांच्या १९८५ च्या 'कीपिंग ट्रॅक' या ग्रंथाने हा प्रश्न शिक्षणशास्त्राच्या मध्यभागी आणला.

यावर उपाय म्हणून काही ठिकाणी निवड यांत्रिक करण्यात आली. नॉर्थ कॅरोलायनातील वेक काउंटीने २०१० च्या सुमारास पूर्वीच्या परीक्षांवरून विद्यार्थ्याच्या बीजगणितातील यशाची शक्यता काढली आणि ती किमान ७० टक्के असेल तर त्याला वेगवान वाटेवर घ्यावे असे ठरविले. त्याच राज्याने २०१८ साली राज्य परीक्षेत सर्वोच्च श्रेणी मिळविणाऱ्यांना प्रगत पाठ्यक्रम देणे कायद्याने बंधनकारक केले. टेक्सासच्या २०२३ च्या कायद्यानुसार पाचवीच्या परीक्षेत वरच्या ४० टक्क्यांत येणाऱ्या विद्यार्थ्याची सहावीच्या प्रगत गणितात आपोआप नोंदणी होते. नको असल्यास पालकांनी तसे कळवावे लागते. म्हणजे पूर्वी जागा मिळविण्यासाठी अर्ज करावा लागे, आता ती नाकारण्यासाठी करावा लागतो. ज्या घरांत शाळेशी वाद घालण्याची सवय किंवा सवड नसते, त्यांच्यासाठी हा फरक लहान नाही.

विद्यार्थ्याला मागे आणण्याची, म्हणजेच न झेपलेला पाठ्यक्रम पुन्हा घ्यायला लावण्याची प्रथाही वादग्रस्त आहे. आठवीत बीजगणित उत्तीर्ण झालेल्यांनाही नववीत तेच पुन्हा घ्यावे लागल्याच्या तक्रारींवरून कॅलिफोर्नियाने २०१५ साली गणित स्थाननिश्चिती कायदा केला. नववीच्या प्रवेशासाठी वस्तुनिष्ठ व पारदर्शक निकष असावेत आणि शाळा सुरू झाल्यापासून पहिल्या महिन्यात निवडीची फेरतपासणी व्हावी, असे त्यात म्हटले आहे.

इतिहास

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात बीजगणित हा नववीचा विषय मानला जाई, आणि सातवी-आठवीत व्याज, विमा, मोजमापे असे व्यवहारगणित शिकविले जाई. १९५६ साली कॉलेज बोर्डाच्या ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट परीक्षा सुरू झाल्या आणि १९५७ मध्ये सोव्हिएत संघाने स्पुटनिक सोडल्यानंतर गणित-विज्ञान शिक्षणाविषयी राष्ट्रीय चिंता निर्माण झाली. हायस्कूलमध्ये कलन शिकवायचे तर बीजगणित एक वर्ष अलीकडे ओढणे भाग होते. अशा रीतीने आठवीचे बीजगणित निवडक मुलांचा विषय बनले.

ते निवडक मुलांपुरते राहू नये, ही मागणी नागरी हक्कांच्या चळवळीतून पुढे आली. १९६० च्या दशकात मिसिसिपीत कृष्णवर्णीयांच्या मतदार नोंदणीसाठी काम केलेले रॉबर्ट मोझेस यांनी १९८२ साली मॅसॅच्युसेट्समधील केंब्रिज येथे आपल्या मुलीच्या शाळेत 'अल्जेब्रा प्रोजेक्ट' सुरू केला. बीजगणित न येणारा नागरिक संगणकयुगात निरक्षर मतदाराइतकाच असहाय ठरेल, अशी त्यांची भूमिका होती. ऋण संख्यांची बेरीज-वजाबाकी ते भुयारी रेल्वेच्या प्रवासातून शिकवीत. मुले प्रत्यक्ष प्रवास करीत, एक स्थानक आरंभबिंदू मानीत आणि किती स्थानके कोणत्या दिशेला गेलो हे मांडत. 'किती' या प्रश्नाला 'कुठल्या दिशेने' हा प्रश्न जोडला की ऋण चिन्हाचा अर्थ लागे. मोझेस यांचे २०२१ साली निधन झाले.

सर्वांना बीजगणित: कॅलिफोर्नियाचा अनुभव

कॅलिफोर्नियाने १९९७ च्या मानकांत आठवीसाठी बीजगणित १ हेच लक्ष्य ठेवले. २००८ साली राज्य शिक्षण मंडळाने आठवीच्या सर्व विद्यार्थ्यांची बीजगणितातच परीक्षा घेण्याचा ठराव केला, परंतु शाळा मंडळांच्या संघटनेने दाद मागितल्यावर न्यायालयाने तो रोखला. कॉमन कोअर स्वीकारल्यानंतर २०१३ साली हे धोरण मागे पडले.

त्यानंतर सॅन फ्रान्सिस्कोने उलट टोक गाठले. २०१४-१५ पासून तेथील सार्वजनिक शाळांत आठवीचे बीजगणित बंद करून ते सर्वांसाठी नववीत ठेवण्यात आले. क्षमतेनुसार वर्ग पाडल्याने वांशिक दरी वाढते, असा त्यामागील विचार होता. कलन घेऊ इच्छिणाऱ्यांसाठी बीजगणित २ व कलनपूर्व गणित यांचा एकत्रित पाठ्यक्रम ठेवला गेला. ज्या पालकांना परवडत होते त्यांनी खासगी ऑनलाइन वर्ग किंवा उन्हाळी वर्ग गाठले. समतेसाठी काढलेला नियम अशा रीतीने पैशाने ओलांडता येऊ लागला. २०२३ साली स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी केलेल्या अभ्यासात प्रगत गणितातील नोंदणी सुरुवातीस घटल्याचे आणि वांशिक दरी लक्षणीय कमी न झाल्याचे दिसून आले. फेब्रुवारी २०२४ मध्ये शाळा मंडळाने आठवीचे बीजगणित परत आणण्याचा निर्णय घेतला, आणि मार्चमधील सल्लागार स्वरूपाच्या जनमतचाचणीत मतदारांनी मोठ्या बहुमताने तीच मागणी केली.

संशोधन

चार्ल्स क्लॉटफेल्टर, हेलन लॅड व जेकब व्हिग्डॉर यांनी नॉर्थ कॅरोलायनातील शार्लट-मेक्लेनबर्ग जिल्ह्याचा अभ्यास केला. तेथे मध्यम क्षमतेच्या मुलांनाही आठवीत बीजगणित देण्यात आले होते. या मुलांचे बीजगणिताचे गुण घसरलेच, शिवाय पुढील पाठ्यक्रम वेळेत उत्तीर्ण होण्याची शक्यताही कमी झाली. शिकागोत २००३ पासून राबविलेल्या उपायाचा निष्कर्ष निराळा आहे. आठवीच्या परीक्षेत राष्ट्रीय मध्यकाखाली असलेल्यांना नववीत बीजगणिताच्या रोज दोन तासिका देण्यात आल्या, आणि त्यांच्यात हायस्कूल पूर्ण करण्याचे व पुढे महाविद्यालयात जाण्याचे प्रमाण वाढल्याचे आढळले. दोन्ही अभ्यास एकत्र वाचले तर पाठ्यक्रमाच्या नावापेक्षा विद्यार्थ्याची तयारी व त्याला मिळणारा वेळ अधिक निर्णायक दिसतो. राष्ट्रीय गणित सल्लागार मंडळाच्या २००८ च्या अहवालानेही तयारी असलेल्या सर्व विद्यार्थ्यांना आठवीपर्यंत खरे बीजगणित मिळावे, असे म्हणताना अपूर्णांकांवरील प्रभुत्वावर विशेष भर दिला होता.

संघराज्याच्या नागरी हक्क विभागाने २०१५-१६ साठी गोळा केलेल्या माहितीनुसार ५९ टक्के शाळांत आठवीला बीजगणित १ उपलब्ध होते, आणि आठवीचे सुमारे २४ टक्के विद्यार्थी ते घेत होते.

महाराष्ट्रातील पद्धतीशी तुलना

महाराष्ट्र राज्य मंडळाच्या शाळांत सहावी ते आठवीपर्यंत इयत्तेतील सर्वांना एकच गणित असते, आणि ते शाखांनुसार वर्षे वाटून शिकविले जात नाही. बालभारतीच्या आठवीच्या पुस्तकात सूट व कमिशन, चक्रवाढ व्याज, बहुपदींचा भागाकार, बैजिक राशींचे अवयव, एकचल समीकरणे, त्रिकोणांची एकरूपता आणि वर्तुळ हे सारे एकत्र आढळते. नववी-दहावीत गणिताचे भाग १ व भाग २ असे दोन भाग होतात, पण दोन्ही एकाच वर्षी शिकावे लागतात. त्यामुळे सातवी-आठवीच्या सुमारास महाराष्ट्रातून अमेरिकेत गेलेल्या विद्यार्थ्याची बीजगणित व भूमिती या दोन्ही विषयांत अर्धी अर्धी तयारी झालेली असते आणि तेथील कोणत्याही एका पाठ्यक्रमाशी ती नेमकी जुळत नाही. अवयव पाडता येत असूनही फल व आलेख यांची सवय नसणे, किंवा एकरूपतेच्या कसोट्या ठाऊक असूनही ती संकल्पना परावर्तन व परिभ्रमण यांच्या भाषेत मांडता न येणे, अशी ही तफावत असते. केवळ गुणपत्रिकेवरून ती कळत नसल्याने स्थाननिश्चितीसाठी शाळेची स्वतंत्र चाचणी उपयोगी पडते.