ईचमच्या तळ्यातला मासा

ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला, क्वीन्सलँड राज्यात, अ‍ॅथर्टनचं पठार आहे. तिथे घनदाट वर्षावनात लपलेलं एक तळं आहे, लेक ईचम. जवळजवळ गोल आणि साठ मीटरहून खोल. ज्वालामुखीचा तप्त रस जमिनीतल्या पाण्याला भिडला, स्फोट झाला आणि पडलेला खड्डा पावसानं भरला. तिथले मूळ रहिवासी तळ्याला यिद्यम म्हणतात. दोन तरुणांनी निषिद्ध गोष्ट केली, म्हणून धरणी हादरली आणि वस्ती गिळली गेली, अशी त्यांची कथा. ती भाषाशास्त्रज्ञ आर. एम. डब्ल्यू. डिक्सन यांनी १९६० च्या दशकात टिपून घेतली. कथा सांगणारा म्हणाला, ‘तेव्हा इथे हे रान नव्हतं, उघडा माळ होता.’ पुढे पठारावरच्याच लेक युरामू या तळ्याच्या गाळातल्या परागकणांनी नेमकं हेच सांगितलं!

या तळ्याला ना नदी येऊन मिळते, ना त्यातून ओढा बाहेर पडतो. अशा बंद घरात एक बोटभर मासा राहत होता, रेनबोफिश. रुपेरी-निळसर अंगाचा, तांबूस परांचा. त्याला खाणारा मोठा मासा तळ्यात नव्हता. अ‍ॅलन आणि क्रॉस या शास्त्रज्ञांनी १९८२ मध्ये त्याला ‘मेलानोटेनिया ईचमेन्सिस’ हे नाव दिलं. नाव मिळालं आणि मासा दिसेनासा झाला.

झालं असं, की कुणीतरी जवळपासच्या नद्यांमधले मासे तळ्यात आणून सोडले. गळ टाकायला बरे, एवढाच हिशेब असावा. हे मासे काही परदेशी नव्हते. त्यातला एक ‘माउथ ऑलमायटी’. तोंड एवढं मोठं, की लहान मासा सहज आत जावा. १९८७ पर्यंत शोध घेणाऱ्यांना तळ्यात एकही रेनबोफिश मिळाला नाही. निसर्गातून तो नाहीसा झाला, असं म्हटलं जाऊ लागलं.

पण काही हौशी मंडळींनी हे मासे आधीच घरी नेऊन काचेच्या टाक्यांत वाढवले होते. पुस्तकात मेलेला मासा दिवाणखान्यात अंडी घालत होता! त्याची पिल्लं तळ्यात परत सोडूनही पाहिली. ती टिकली नाहीत. टिकणार कशी? खाणारे तिथेच दबा धरून होते.

मग आणखी एक वळण आलं. पठारावरच्या ओढ्यांतले रेनबोफिश सगळे साधे, सर्वत्र आढळणारे, असा समज होता. जनुकांची तपासणी झाली आणि १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून दिसलं, की डिरन क्रीकसारख्या ओढ्यांत ईचमचाच मासा नांदतो आहे. इतकी वर्षं तो डोळ्यांसमोर होता, फक्त ओळख पटली नव्हती.

आता भीती निराळी आहे. खालच्या प्रवाहांतला त्याचा नातलग वर आला, की दोघांचा संकर होतो आणि वेगळेपण पुसलं जातं. म्हणून धबधब्यांच्या वरचे ओढे त्याला जास्त सुरक्षित. ज्या तळ्याचं नाव तो मिरवतो, तिथे मात्र त्याला अजून परत जाता आलेलं नाही.